लिनक्सच्या परीक्षेसाठी गाइड निवडताना

लिनक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनच्या परीक्षांची गाइडं लांबून एकसारखीच दिसतात. मुखपृष्ठावर परीक्षेचं नाव, आत शेकडो पानं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आणि मागे एखादी सराव परीक्षा. त्यातलं आपलं कोणतं हे ठरवायला मी बराच वेळ दिला आणि तो वेळ मी अभ्यासातच धरते. गाइडं पारखताना अभ्यासक्रम इतक्या वेळा उलटसुलट वाचला गेला की प्रत्यक्ष अभ्यासाला बसले तेव्हा कोणता विषय कुठे आहे आणि किती महत्त्वाचा आहे, हे शोधावं लागलं नाही. ही पारख मी कशी केली, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी परीक्षा ठरवावी लागते, कारण गाइड त्यावर अवलंबून असतं. माझ्यासमोर तीन नावं होती. रेड हॅटची आरएचसीएसए ही पूर्णपणे प्रात्यक्षिक परीक्षा. समोर चालू सिस्टिम असते, कामं दिलेली असतात आणि ती करून दाखवायची असतात. तिथे पर्यायी उत्तरांचा प्रश्नच येत नाही. ३०० पैकी २१० गुण लागतात आणि केलेले बदल मशीन रीबूट केल्यावरही टिकले पाहिजेत. कॉम्पटियाच्या लिनक्स प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि त्यांतच काही कृतीवर आधारलेले. तिसरी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची, म्हणजे एलपीआयची, एलपीआयसी-१. तिचे दोन पेपर, १०१ आणि १०२. प्रत्येकात ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजतात आणि ५०० ला पास. प्रश्न पर्यायांचे असतात, शिवाय काही रिकाम्या जागा भरायच्या असतात. तिथे कमांडचं किंवा फाइलचं नाव स्वतः टाइप करावं लागतं.

मी एलपीआयसी-१ निवडली. माझ्या कामात डेबियन कुळातली मशीनं होती आणि आरपीएम पॅकेजं (प्रोग्रॅम बसवायचे गठ्ठे) वापरणारीही होती. ही परीक्षा कोणत्याही एका डिस्ट्रिब्युशनला, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या तयार रूपाला, बांधलेली नाही. डीपीकेजी आणि ॲप्ट ही डेबियनकडची पॅकेज बसवायची साधनं जितकी यावी लागतात तितकीच आरपीएम आणि यमही. रेड हॅटची परीक्षा घेतली असती तर गाइडकडून माझी अपेक्षा वेगळी असती. मला सरावाच्या कामांचं पुस्तक हवं असतं आणि वर्णन कमी असलं तरी चाललं असतं. इथे दोन्ही हवं होतं. हाताने करून बघण्याइतके सराव हवेत, आणि पर्यायांमधला बारीक फरक ओळखता येईल इतकं स्पष्टीकरणही हवं.

यानंतर मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि एलपीआयने प्रसिद्ध केलेली उद्दिष्टांची यादी उघडली. हा कागद फुकट मिळतो, आणि कोणत्याही गाइडच्या आधी तो वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक विषयाचे लहान भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाला एक वजन दिलेलं आहे. एका पेपरमधल्या सगळ्या वजनांची बेरीज ६० होते आणि प्रश्नही ६० असतात. म्हणजे एखाद्या भागाचं वजन ४ असेल तर त्यावर साधारण चार प्रश्न धरायचे. पेपर १०१ मध्ये सिस्टिमच्या रचनेला ८, इन्स्टॉलेशन आणि पॅकेज व्यवस्थापनाला १२, कमांडला २६ आणि डिस्क, फाइल सिस्टिम व डिरेक्टरींच्या रचनेला १४. कमांडचा विषय एकटाच पेपरचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग घेतो.

हे आकडे हातात आल्यावर गाइडांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मी एक तक्ता केला. डावीकडे उद्दिष्टांचे क्रमांक आणि वजन, उजवीकडे प्रत्येक गाइडसाठी एक रकाना. रकान्यात त्या उद्दिष्टाला गाइडने किती पानं दिली आहेत ते लिहीत गेले. एका गाइडमध्ये इन्स्टॉलेशनच्या पडद्यांची चित्रं पानामागून पान चालली होती. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) तयार करणं, बघणं आणि बंद करणं या भागाचं वजन ४ आहे, पण त्याला दोन-तीन पानांतच उरकलं होतं. पानं मोजणं वरवरचं वाटेल, पण लेखकाने उद्दिष्टांची यादी शेजारी ठेवून लिहिलं आहे की जुनं लिखाण नव्या मुखपृष्ठाखाली घातलं आहे, हे त्यातून लगेच कळतं.

यादीत आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. प्रत्येक उद्दिष्टाच्या शेवटी फाइली, संज्ञा आणि कमांड यांची नावं दिलेली असतात. ती नावं मी गाइडच्या शेवटच्या सूचीत शोधली. सूचीच नसेल तर ते गाइड मी तिथेच सोडलं. अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्यात माणूस पुस्तक सलग वाचत नाही, एकेक गोष्ट शोधत जातो. सूची नसलेलं तांत्रिक पुस्तक तेव्हा काहीच कामाचं राहत नाही.

मग आवृत्ती. एलपीआयसी-१ ची उद्दिष्टं ५.० या आवृत्तीची होती आणि ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. आधीची ४.० आवृत्ती २०१५ सालची. या दोहोंतला फरक ओळखायची एक सोपी खूण यादीतच सापडली. नव्या यादीत १०४.३ नंतर थेट १०४.५ येतो. मधला १०४.४ डिस्क कोटाचा (कोणाला डिस्कवर किती जागा, ते ठरवण्याचा) होता, तो काढून टाकला, पण पुढचे क्रमांक बदलले नाहीत. दुसऱ्या पेपरमध्ये १०५.३ हा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसच्या भाषेचा, भाग होता, तोही गेला. त्यामुळे गाइडमध्ये कोटावर किंवा एसक्यूएलवर सविस्तर प्रकरण दिसलं की ते जुन्या अभ्यासक्रमाचं आहे हे समजतं, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. उलट बाजूने तपासायचं तर १०२.६ बघायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुणा म्हणून चालणारं लिनक्स, हा भाग ५.० मध्ये नव्याने आला. सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचे टायमर आणि घड्याळ जुळवणारा क्रोनी यांचा उल्लेख आहे का, हेही मी बघितलं.

जुनं गाइड टाकाऊ असतं असं मात्र मी म्हणणार नाही. सॉर्ट, कट, ग्रेप, सेड या मजकुरावर काम करणाऱ्या कमांड, पाइप, रीडायरेक्शन, हार्ड लिंक आणि सिम्बॉलिक लिंक हे सगळं होतं तसंच आहे. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या पुस्तकात रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरात नमुने शोधण्याच्या खुणांचं) प्रकरण इतकं सुंदर होतं की ते मी शेवटपर्यंत वापरलं. शेलमधला, म्हणजे कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममधला, तारा (*) आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला तारा यांचा अर्थ वेगळा का, हे तिथे उदाहरणांनी उलगडून दाखवलं होतं. शेलमध्ये तो एकटा कोणत्याही अक्षरांच्या जागी उभा राहतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तो त्याच्या आधीच्या गोष्टीला लागू होतो, ती शून्य किंवा कितीही वेळा आली तरी चालेल असं सांगतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बरेच पर्याय आपोआप गळतात. पण अभ्यासाचा मुख्य आधार म्हणून चालू आवृत्तीचंच पुस्तक हवं, यात तडजोड नको.

इतकं झाल्यावर यादीत मोजकी गाइडं उरली. आता खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती दोन प्रकरणांवर घ्यायची असं मी ठरवलं होतं. एक मला उत्तम येणाऱ्या विषयाचं, दुसरं अजिबात न येणाऱ्या विषयाचं. गाइड निवडताना बहुतेक जण आपल्याला न येणारं प्रकरण उघडतात आणि भाषा सोपी वाटली की पुस्तक घेतात. पण न येणाऱ्या विषयात लेखक बरोबर सांगतो आहे की चुकीचं, हे कळायला आपल्याकडे काहीच साधन नसतं. भाषा सोपी असूनही मजकूर चुकीचा असू शकतो. म्हणून आपला हातखंडा असलेलं प्रकरण आधी.

माझा हातखंडा फाइलींच्या परवानग्यांवर होता. तिथे मी प्रत्येक गाइडमध्ये उमास्कचा, म्हणजे नव्या फाइलवर कोणत्या परवानग्या बंद राहतील ते ठरवणाऱ्या आकड्याचा, परिच्छेद शोधला. नवीन फाइलला कोणत्या परवानग्या मिळतात हे सांगताना अनेक पुस्तकं लिहितात की ६६६ मधून (मालक, गट आणि इतर यांचा एकेक अंक; वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १) उमास्क वजा करा. उमास्क ०२२ असेल तर ६४४ येतं आणि ते बरोबरही असतं. ०२७ घेतला तर मात्र ६६६ वजा ०२७ हे नीट बसत नाही, कारण शेवटच्या अंकात सहातून सात जात नाहीत. मग काही पुस्तकं 'उणे आलं तर शून्य धरा' असा आणखी एक नियम जोडतात. आणि उमास्क ०३३ घेतला की दोन्ही नियम मोडतात. वजाबाकीने ६३३ येतं, प्रत्यक्षात फाइल तयार होते ६४४ ची. कारण मुळात ही वजाबाकी नाहीच. उमास्कमधला प्रत्येक बिट त्या जागेची परवानगी बंद करतो. बायनरीत सहा म्हणजे ११०, तीन म्हणजे ०११. तीनातल्या चालू बिटांच्या जागा सहामध्ये बंद केल्या की १०० उरतं, म्हणजे चार. वाचण्याची परवानगी राहते, लिहिण्याची जाते, आणि चालवण्याची मुळात नव्हतीच. ज्या गाइडने बिटांचं हे सांगितलं होतं त्याच्यावर माझा विश्वास बसला. वजाबाकीवर थांबलेली दोन गाइडं मी इथेच वगळली, आणि त्यांतलं एक दिसायला सगळ्यांत देखणं होतं.

असाच एक तपास क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. क्रॉनटॅब या त्याच्या कामांच्या यादीतल्या ओळीत वेळेची पाच घरं असतात: मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना, आठवड्याचा वार. महिन्याचा दिवस १३ आणि वार ५ असं दोन्ही लिहिलं तर काम कधी चालेल? साधा विचार केला तर वाटतं, तेरा तारखेला शुक्रवार असेल तेव्हाच. पण ही दोन्ही घरं भरलेली असली की क्रॉन त्यांतलं एक जुळलं तरी काम चालवतो. म्हणजे दर महिन्याच्या १३ तारखेला आणि शिवाय दर शुक्रवारी. हे मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्ससोबतच येणाऱ्या माहितीपानात, स्पष्ट लिहिलेलं आहे. गाइडमध्ये हे आहे का, आणि ईटीसी डिरेक्टरीतल्या सिस्टिमच्या क्रॉनटॅब फाइलमध्ये वेळेनंतर वापरकर्त्याच्या नावाचं आणखी एक घर असतं हे सांगितलं आहे का, एवढं बघितलं. लेखक रोज हे काम करणारा आहे की दुसऱ्या पुस्तकांवरून लिहिणारा आहे, याचा अंदाज अशाच जागी येतो.

दुसरं प्रकरण डिस्कचं घेतलं. माझ्या कामात सर्व्हर तयार होऊनच यायचे. पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) पाडायची वेळ माझ्यावर क्वचितच आलेली. त्यामुळे इथे मी खरोखर विद्यार्थी होते आणि तपास साधा होता. प्रकरण एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, व्हर्च्युअल मशीनला रिकामी दुसरी डिस्क जोडायची आणि ती वापरात आणायची. कुठे अडलं तर ती जागा पुस्तकात होती का, हे नंतर बघायचं.

एका गाइडमध्ये एफडिस्क या पार्टिशन पाडणाऱ्या कमांडच्या अक्षरांचा तक्ता होता. एन म्हणजे नवीन, डी म्हणजे काढून टाका, डब्ल्यू म्हणजे लिहून बाहेर पडा. तक्ता बरोबर होता, पण मिटल्यावर त्यातलं काही हाताला आठवेना. दुसऱ्या गाइडची चाल वेगळी होती. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन का, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये त्याची मर्यादा २ टेबीबाइटवर का येते, जीपीटी या नव्या पद्धतीने हे कसं सोडवलं, इथून सुरुवात. मग रिकामी डिस्क जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेचं आउटपुट शेजारी-शेजारी. नंतर पार्टिशन, त्यावर फाइल सिस्टिम, तात्पुरता माउंट (ती एखाद्या डिरेक्टरीला जोडणं) आणि शेवटी एफएसटॅबमधली, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या फाइलमधली, ओळ. त्या ओळीतली सहाही घरं एकेक करून समजावलेली, आणि डिव्हाइसच्या नावाऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) का लिहायचा त्याचं कारण दिलेलं. डिस्क जोडण्याचा क्रम बदलला तर डिव्हाइसचं नाव बदलू शकतं, यूयूआयडी त्या फाइल सिस्टिमसोबतच राहतो. यानंतर एक वाक्य होतं, जे वाचून मी त्या गाइडला तक्त्यात मोठी खूण केली. रीबूट करण्याआधी सगळं माउंट करणारी कमांड चालवून ओळ तपासा, म्हणजे चूक असेल तर ती मशीन चालू असतानाच दिसेल. ज्याने एफएसटॅबमधल्या चुकीने बूट अडकताना बघितलं आहे तोच हे इथे, नेमक्या या जागी लिहितो. पुस्तक मिटून मी पूर्ण काम करू शकले.

प्रकरणाच्या शेवटच्या प्रश्नांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण गाइड खपवण्यासाठी प्रश्नांची संख्या मोठ्या अक्षरांत छापतात. मला संख्येपेक्षा उत्तरांखालचं स्पष्टीकरण महत्त्वाचं वाटलं. प्रोसेस बंद करणाऱ्या किल कमांडला सिग्नलचा क्रमांक दिला नाही तर कोणता जातो, याचं उत्तर १५, टर्म. एवढंच छापलं असेल तर मी काय शिकले? चांगल्या गाइडने बाकीच्या पर्यायांचाही समाचार घेतला होता. ९ पाठवला तर प्रोसेसला तो अडवता येत नाही, त्यामुळे उघड्या फाइली नीट बंद करण्याची संधीच तिला मिळत नाही, म्हणून आधी १५ पाठवायचा. १ चा सिग्नल मिळाल्यावर बऱ्याच डेमन, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या सेवा, आपली कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा वाचतात. एका प्रश्नातून तीन गोष्टी पक्क्या झाल्या. शिवाय रिकाम्या जागांचे प्रश्न आहेत का, हे मी मुद्दाम बघितलं. पर्याय समोर असताना ओळखता येणारी कमांड पर्याय नसताना आठवतेच असं नाही, आणि तिचं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर उत्तर चुकतं.

'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकले जाणारे संच मी उघडलेही नाहीत. परीक्षेआधी प्रश्न गुप्त ठेवण्याची अट मान्य करावी लागते. ते संच म्हणजे कोणीतरी ती अट मोडून केलेली गोष्ट. त्याहून मोठं कारण असं की त्यांतली उत्तरं कोणी तपासलेली नसतात. सर्टिफिकेट मिळाल्यावर सर्व्हरसमोर आपण बसणार असतो, आणि त्या सर्व्हरवर दुसऱ्यांची कामं चालू असतात. तिथे पाठ केलेलं उत्तर घेऊन बसणं मला पटत नाही.

एलपीआयचं स्वतःचं शिक्षणसाहित्य मोफत आहे, हे फार जणांना माहीत नसतं. उद्दिष्टांच्याच क्रमाने धडे आहेत. प्रत्येक धड्यानंतर दोन प्रकारचे सराव, एक धड्यातलं तपासणारा आणि दुसरा थोडं पुढे जाऊन शोध घ्यायला लावणारा, आणि दोन्हींची उत्तरं. मी ते आधी पूर्ण चाळलं. त्याचा मला एक वेगळा उपयोग झाला. विकतचं गाइड या मोफत धड्यांपेक्षा मला नेमकं काय जास्त देतं, हा प्रश्न प्रत्येक गाइडला विचारता आला. कमांडच्या विषयात उत्तर बहुतेक वेळा 'फारसं काही नाही' असं आलं. डिस्क आणि बूट या विषयांत मात्र मला जास्त विस्तार हवा होता, आणि तो वर सांगितलेल्या गाइडमध्ये होता. ज्याचा पाया पक्का आहे आणि ज्याला फक्त कडा घासून घ्यायच्या आहेत, त्याला मोफत धडे आणि मॅन पेज पुरतील असं माझं मत आहे.

मॅन पेजचं नाव आलंच आहे तर तेही सांगते. निवडलेल्या गाइडची एक गोष्ट मला शेवटपर्यंत आवडत राहिली. प्रत्येक कमांडचे चार-पाच महत्त्वाचे ऑप्शन सांगून ते वाचकाला मॅन पेजकडे पाठवायचं, आणि तेही विभागासकट. विभाग १ मध्ये वापरकर्त्याच्या कमांड, ५ मध्ये फाइलींची रचना, ८ मध्ये ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड. क्रॉनटॅबचं पहिल्या विभागातलं पान कमांड समजावतं आणि पाचव्यातलं त्या पाच घरांची रचना. रेड हॅटच्या परीक्षेत ही पानं उघडता येतात, एलपीआयसीत काहीच उघडता येत नाही. तरीही अभ्यासात ती वाचायची सवय लागली. पुस्तकात एखादी गोष्ट खटकली की थेट मुळाकडे जाऊन खात्री करता यायची.

व्हिडिओ कोर्सचा विचारही केला होता. बूटची प्रक्रिया, लिनक्स सुरू करून देणारा ग्रब, मशीन कोणत्या स्थितीत सुरू होईल ते ठरवणारी रनलेव्हल आणि सिस्टिमडीची टार्गेटं डोळ्यांनी बघायला व्हिडिओ छान वाटले. पण दुसऱ्याला टाइप करताना बघून आपल्यालाही येतं असं वाटू लागतं, आणि व्हिडिओत शोधता येत नाही. माझ्यासाठी ते पूरकच राहिले. छापील की ई-बुक, यात मी ई-बुक घेतलं, शोधण्याच्या सोयीसाठी. प्रकाशकाने चुकांची दुरुस्ती प्रसिद्ध केली आहे का, हेही बघितलं. अशी यादी असणं मी पुस्तकाच्या बाजूने धरते. कोणीतरी वाचतंय, कळवतंय आणि लेखक ते मान्य करतोय, असा त्याचा अर्थ. अभ्यास सुरू करायच्या आधी त्या सगळ्या दुरुस्त्या मी आपल्या प्रतीत करून घेतल्या.

अखेर ठरलं ते असं: मुख्य आधार डिस्कच्या प्रकरणात पास झालेलं मध्यम आकाराचं गाइड, रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी ते जुनं पुस्तक, आणि उजळणीसाठी एलपीआयचे धडे. सगळ्यांत जाड गाइड मी घेतलं नाही. त्यात काही चूक नव्हती, पण ते संदर्भग्रंथाच्या वळणाचं होतं. प्रत्येक कमांडचा प्रत्येक ऑप्शन त्यात होता, आणि परीक्षेला काय लागतं ते त्या गर्दीत वेगळं काढण्याचं काम माझ्यावर येत होतं. ते काम करण्यासाठीच तर गाइड घ्यायचं असतं.

पहिला पेपर पास झाल्यावर दुसऱ्यासाठी तेच गाइड डोळे झाकून पुढे न्यायचं नाही, असं ठरवलं होतं. १०२ ची वजनं वेगळी आहेत. नेटवर्किंगला १४, प्रशासकीय कामं आणि सिस्टिम सर्व्हिस यांना १२-१२, सुरक्षेला १०, शेल आणि स्क्रिप्टला ८, डेस्कटॉपला फक्त ४. नेटवर्किंगमध्ये गाइड चांगलं उतरलं. आयएफकॉन्फिग आणि नेटस्टॅट ही जुनी साधनं दाखवून लगेच आयपी आणि एसएस ही नवी दाखवली होती. यादीत दोन्ही आहेत, त्यामुळे दोन्ही लागतात. सबनेटचा (नेटवर्कच्या लहान भागांचा) तक्ता न देता हिशोब शिकवला होता. /२६ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांतले २६ नेटवर्कचे, त्यामुळे यजमान मशीनांसाठी सहा बिट उरतात, त्यातून ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा सोडून ६२ वापरायला मिळतात.

स्क्रिप्टच्या प्रकरणात मात्र ते कमी पडलं. तुलना करताना व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं घातलेलीच नव्हती. व्हेरिएबल रिकामं असेल तर एकेरी कंसाच्या तपासात शेलला डावी बाजूच दिसत नाही आणि एरर येतो. त्यात मोकळी जागा असेल तर त्याचे दोन शब्द होतात. स्क्रिप्ट शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायची ही गोष्ट, आणि पुस्तकाचीच उदाहरणं तिच्याशिवाय लिहिलेली. म्हणून १०५ चा, म्हणजे शेल आणि स्क्रिप्टचा, सगळा विषय मी एलपीआयच्या धड्यांवरून आणि बॅश या शेलच्या मॅन पेजवरून केला, आणि गाइडमधल्या त्या प्रकरणाची उदाहरणं अवतरणचिन्हं घालून पुन्हा लिहून काढली. तो सराव फार कामी आला.

परीक्षेत काय विचारलं ते सांगता येणार नाही, अट मान्य केलेली आहे. दोन्ही पेपर पास झाले. उद्दिष्टांची वजनं धरून केलेली विभागणी दोन्ही वेळा उपयोगी पडली, आणि पर्याय नसलेल्या प्रश्नांसमोर हात थांबला नाही. सर्टिफिकेट पाच वर्षं चालू राहतं.

आता एलपीआयसी-२ ची यादी उघडली आहे. त्याचेही दोन पेपर आहेत, २०१ आणि २०२, आणि सुरुवात कपॅसिटी प्लॅनिंगने (मशीनची किती क्षमता लागेल याच्या अंदाजाने) होते. तो विषय माझ्या रोजच्या कामातला असल्यामुळे यावेळी हातखंड्याचं प्रकरण म्हणून तोच घेणार आहे. मशीनवरचा भार दाखवणाऱ्या व्हीएमस्टॅट कमांडच्या आउटपुटची पहिली ओळ बूट झाल्यापासूनची सरासरी असते, सध्याची स्थिती तिच्या पुढच्या ओळींत दिसते. नमुन्याला मिळालेल्या प्रकरणांमध्ये हे कोणी लिहिलंय का ते बघते आहे. एका गाइडमध्ये सापडलं. त्याचं डीएनएसचं (नावांवरून नेटवर्कचे पत्ते शोधण्याचं) प्रकरण आता वाचायला घेतलं आहे, तो माझा कच्चा विषय.